दोन भिंगांचा कौल

वाघजाईचा गुरव म्हणून मी बत्तीस वर्षं कौल लावतो आहे. म्हैस कुठल्या दिशेला गेली, विहीर खणू की बोअर मारू, मुलीला आलेलं स्थळ लांज्याचं घेऊ की दापोलीचं, असले सगळे प्रश्न देवीने ऐकलेले आहेत आणि जमेल तशी उत्तरंही दिलेली आहेत. पण कॅमेऱ्याला कुठलं भिंग लावू, हे गेल्या दसऱ्यापर्यंत तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते आमच्या वाडीतल्या सखाराम मांडवकराच्या मुलाने, विनीतने. आणि तो प्रश्न देवीपुढे मांडला मी, चांगला घोळवून, आवाज लावून. त्यामुळे पुढे जो मूर्खपणा झाला त्यातला अर्धा वाटा माझा आहे. उरलेल्या अर्ध्याचे धनी कोण, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

विनीत चौतिशीचा. मुंबईत एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो, डोंबिवलीला राहतो. फोनवरच्या त्याच्या पानावर नावाखाली 'लँडस्केप फोटोग्राफर' असं लिहिलेलं आहे. त्याला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं कॅमेरा कुठला घ्यावा यात गेली, पुढचं दीड वर्ष ट्रायपॉड कुठला यात, आणि मध्ये कधीतरी बॅग कुठली यातही चार महिने गेले. एवढ्या काळात काढलेला म्हणून त्याने मला एकच फोटो दाखवला होता. तो गणपतीपुळ्याचा सूर्यास्त होता आणि त्यात सूर्य नव्हता. ढग आले होते म्हणे.

यंदा त्याच्या कॅमेरा क्लबाचं मुंबईत प्रदर्शन होतं आणि त्यासाठी त्याला बापाच्या शेताचा फोटो हवा होता. सखारामचं शेत कोंडीत, वाडीच्या खालच्या उतारावर. वर काळा कातळ, तळाला पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी, आणि मध्ये सात खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली. दसऱ्याच्या सुमारास भात पिवळं झालं की ते शेत कातळावरून बघण्यासारखं दिसतं. मी रोज फुलं आणायला त्या वाटेने जातो, तरी दोन मिनिटं थांबतोच. सखारामची पासष्टी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण बायको हिरा आणि तो मिळून ती सातही खाचरं अजून राखून आहेत. मुलाने दहावीनंतर त्या चिखलात पाय घातलेला नाही. तर तो मुलगा आपल्या शेताचा फोटो काढायला आठ दिवसांची रजा टाकून येतोय म्हटल्यावर सखाराम चार घरी सांगत फिरला. मला दोनदा सांगितलं.

आता यातली मेख समजून घ्या. आमच्याकडे कापणी पैऱ्याने होते. आज सगळी वाडी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. पाळी आधी ठरलेली असते. सखारामचं भात हळवं, लवकर पिकणारं, म्हणून पहिली पाळी त्याची, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पिकलेलं हळवं भात कोणासाठी थांबत नाही. चार दिवस जास्त उभं राहिलं तर लोंबीतला दाणा झडायला लागतो, आणि परतीचा पाऊस आला तर सगळं आडवं होतं. पाळी हुकली की नंबर एकदम शेवटी. म्हणजे विनीतला फोटो काढायचा होता तो दसऱ्यापर्यंत. तो तीन दिवस आधी उतरला होता, आणि फोटो काढायला तीन मिनिटं लागतात.

त्याच्या बॅगेत कॅमेरा एक आणि भिंगं दोन. एक मित्राकडून मागून आणलेलं, दुसरं भाड्याने. दोन्ही झूम, दोन्हींना तो 'स्टँडर्ड' म्हणायचा. एक चोवीस-सत्तर, जाडजूड, हातात घेतलं तर नारळाएवढं जड. दुसरं चोवीस-एकशेपाच, त्याहून हलकं, जरा लांबचं बघणारं. यातलं एक तो विकत घेणार होता. कुठलं, ते शेताचा फोटो बघून ठरणार होतं. आणि शेताचा फोटो कुठल्याने काढायचा, ते कुठलं घ्यायचं हे ठरल्यावर ठरणार होतं.

या विषयात मी अगदीच अडाणी नाही. सकाळी देवीची पूजा आटोपून मी देवरूखला कॉलेजात जायचो, तिथे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. बहिर्गोल भिंगं पुसण्यात आणि मुलांनी फोडलेली मोजण्यात माझी नोकरी सरली. त्यामुळे आकडे ऐकून मी गांगरलो नाही. गांगरलो ते विनीतचं काम बघून.

आल्या दिवसापासून तो देवळाच्या मागच्या भिंतीचे फोटो काढत होता. भिंत चिऱ्याची, म्हणजे भोकाभोकांच्या जांभ्या दगडाची. ट्रायपॉड लावायचा, एका भिंगाने वीस फोटो, मग दुसऱ्याने वीस. मग माझ्या ओटीवर बसून लॅपटॉपवर ते मोठे करायचे, इतके मोठे की एका चिऱ्यातलं एक भोक पडदाभर दिसेल. त्याला कोपऱ्यातली भोकं बघायची होती. मधली भोकं दोन्ही भिंगांत सारखीच येतात म्हणे, खरी परीक्षा कोपऱ्यात. दोन दिवस हे चाललं. समोर कोंडीत सोन्यासारखं भात उभं, आणि हा गृहस्थ देवीकडे आणि शेताकडे पाठ करून भोकं तपासतोय. सखाराम त्याच्या मागे ट्रायपॉड धरून उभा असायचा. ट्रायपॉडला स्वतःचे तीन पाय होते, पण सखारामला काहीतरी धरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच्याने राहवेना. मी चहा दिला आणि विचारलं, "विनीत, शेताचा फोटो काढताना छिद्र केवढं ठेवणार तू?"

"एफ अकरा, काका. लँडस्केपला तेच."

"आणि कॅमेरा?"

"ट्रायपॉडवर."

"कातळावरनं सातही खाचरं बसवायची तर झूम कुठं ठेवावं लागंल?"

"चोवीसला."

"दोन्ही भिंगं चोवीसपासनंच सुरू व्हतात ना?"

"हो."

"मग चोवीसला, एफ अकराला, ट्रायपॉडवर, ह्या दोघांत फरक काय रे?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, सुटलं कोडं. मग म्हणाला, "रेंडरिंग."

ते काय असतं ते त्याने मला अर्धा तास समजावून सांगितलं. एका परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवला, त्यात तो माणूस चोवीस-सत्तरशिवाय जगू नका म्हणत होता. मग त्याच माणसाचा दुसरा व्हिडिओ दाखवला, त्यात तो चोवीस-एकशेपाचबद्दल तेच म्हणत होता. क्लबाच्या ग्रुपवर मतदान घेतलेलं होतं, तेही बरोबरीत सुटलेलं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मग देवीलाच विचार की."

मी थट्टा केली होती. त्याचा चेहरा उजळला. गाऱ्हाणं, कौल, मागे समया, असा व्हिडिओ क्लबात कोणाकडेच नसेल, असं तो म्हणाला. मी तिथेच त्याला हाकलायला हवा होता. पण खरं सांगायचं तर व्हिडिओत मी दिसणार, माझा आवाज मुंबईपर्यंत जाणार, हे ऐकून मलाही बरं वाटलं. माझं गाऱ्हाणं पंचक्रोशीत नावाजलेलं आहे.

दसऱ्याच्या सकाळी मानकरी जमलेच होते. सोन्याची पानं वाहून झाल्यावर मी सांगितलं की सखारामच्या पोराचा एक कौल आहे. कोणी हसलं नाही. देवीपुढे प्रश्न कोणाचा आणि कसला यावर हसायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि विनीतचा फोन समोर ट्रायपॉडवर लावलेला असल्यामुळे जो तो ताठ उभा होता. मी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं.

"आये वाघजाये, बारा वाड्यांच्या मायबाये..."

"व्हय म्हाराजा," मानकरी म्हणाले.

"सखाराम मांडवकराचा पोरगा विनीत पोटापाण्यासाठी मुंबईस ऱ्हातो. आज त्यो बापाच्या कोंडीतल्या शेताचा फोटो काडायच्या इराद्यानं तुज्या पायाशी आला हाय."

"व्हय म्हाराजा."

"त्याच्या हाती दोन भिंगं हायत. एक चोवीस-सत्तर, उघडीप दोन पॉइंट आठ. एक चोवीस-एकशेपाच, उघडीप चार."

"व्हय म्हाराजा," मानकऱ्यांनी दोन पॉइंट आठलाही मान्यता दिली.

"उजवा कौल दिलास तर एकशेपाच, डावा दिलास तर सत्तर. शेत उबं हाय, फोटो त्याचा उब्या शेताचा हाय. तू सांगशील तवर शेताला इळा लागनार नाय. तूच काय ता निवाडा कर."

"व्हय म्हाराजा."

ते 'इळा लागणार नाही' माझ्या तोंडून कसं आलं, ते मला आजही सांगता येत नाही. गाऱ्हाण्याला एक लय असते, लयीत एक वाक्य कमी पडत होतं, आणि ते मी भरलं. सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं. सखारामने सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

कौल कसा लावतात ते सांगतो. तगरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. तिच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. साधारण पाच-दहा मिनिटांत देवी मोकळी होते. त्या दिवशी एक तास झाला, दोन्ही कळ्या जागच्या जागी. मानकऱ्यांचे पाय दुखायला लागले. दीड तासाने मी कळ्या काढून घेतल्या आणि देवीच्या मनात आज नाही असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सखारामच्या पाळीच्या दिवशी, सकाळी सात वाजता परत लावल्या. पंधरा मिनिटांनी दोन्ही पडल्या. एकदम. टप असा एकच आवाज झाला. विनीतने व्हिडिओ चार वेळा मागे घेऊन बघितला आणि म्हणाला, "टाय आहे."

मला त्या क्षणी देवीचं म्हणणं कळलं होतं. माझ्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही मठ्ठ मुलाला कळलं असतं. पण कौल साफ आला नाही की पुन्हा लावायचा, हा नियम, आणि तोवर विळा नाही, हा शब्द. तोही माझाच. बाहेर पैऱ्याची माणसं विळे घेऊन थांबली होती. ती तासभर थांबली आणि नितेश घडशाच्या शेतात गेली. त्याची दुसरी पाळी होती, ती पहिली झाली.

हिरावहिनी देवळाच्या पायरीवर बसून होती. माणसं गेलेली बघून उठली आणि मला म्हणाली, "भावजी, देवीला माजा बी एक सवाल घाला. म्हनावं, सत्तरानं शिजवू काय एकशेपाचानं शिजवू. कंच्यानं भात लवकर व्हतो?"

मी पडलेल्या कळ्या उचलायला आत गेलो.

तिसऱ्या दिवशी परत पहिल्यासारखंच. कळ्या हलेनात. दुपारी मी कोंडीत उतरलो. दाणा सुटायला लागला होता. लोंबीला हात लावला की तळहातावर चार-पाच दाणे यायचे. खाली बांधाशी पोपटांची आणि उंदरांची दिवाळी चालली होती. गोव्याच्या बाजूने ढग वर चढत होते. सखाराम वरच्या बांधावर बसला होता, आणि पलीकडे कातळावर विनीत डोळ्यांपुढे बोटांची चौकट करून उभा होता.

"सखा," मी म्हटलं, "पोराला सांग, काय ता कंच्याबी भिंगानं काड आनि मोकळा हो. उद्या आपन चौघं मिळून इळा घालू. मी येतो."

"शबूद तूच दिलायस देवीला."

"अरे, ता तोंडात आलं म्हनून बोललो."

"आमी समद्यांनी व्हय म्हटलंय. असं तोंडात आलं म्हनून गेलं व्हय?" मग तो कातळाकडे बघत म्हणाला, "विठू, धावी झाल्यापास्नं ह्यो पयल्यांदा ह्या बांदावर येतोय. काल मला इचारलान, बाबा, सकाळचं ऊन कंच्या खाचरावर आदी येतं. मी सांगितलं, पाचव्या. समदं लिवून घेतलान. दुसरं खाचर आज्यानं खनलेलं, ता बी सांगितलं."

"ता लिवलान?"

"ता नाय लिवलान," सखाराम म्हणाला. "पन ऐकलान."

मला त्याचा राग आला. भात झडतंय हे त्याला माझ्याहून जास्त दिसत होतं. पण भात दरवर्षी पिकतं. मुलगा त्या बांधावर अठरा वर्षांनी आला होता, आणि जोवर कौल येत नव्हता तोवर तो जाणार नव्हता. सखारामला कौलाची घाई कशी असणार.

चौथ्या दिवशी मी पाप केलं.

गुरवाला ठाऊक असतं की कळी पाण्याने चिकटते. जास्त पाणी, जास्त वेळ. कमी पाणी लावलं की लवकर सुटते. बत्तीस वर्षांत मी दोन्ही कळ्या एकाच पळीतल्या पाण्यात, एकदम बुडवलेल्या आहेत. माझ्या सख्ख्या भावाच्या जमिनीच्या वादात कौल लावला तेव्हाही हात हलला नव्हता. त्या दिवशी मी डावी कळी नीट भिजवली आणि उजवी नुसती ओल्या बोटाने पुसली. एकशेपाच निवडलं, कारण ते हलकं होतं आणि बॅग सखाराम उचलत होता. दुसरा काही विचार नव्हता. देवीकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

तीन मिनिटांत उजवी कळी पडली.

"उजवा," मी म्हटलं. "साफ उजवा. एकशेपाच." माझा आवाज जरा जास्तच मोठा लागला.

हिरावहिनी विळा घेऊनच आली होती. "झाला न्हवं कौल? चला." आणि ती पायऱ्या उतरायला लागलीसुद्धा.

"एक मिनिट, आई," विनीत म्हणाला. तो फोनमध्ये बघत होता. "विठूकाका, उजवा म्हणजे देवीचा उजवा ना? आपला नव्हे?"

"देवीचा. शंभर पिढ्या देवीचा."

"ओके. पण एकदाच पडली तर तो योगायोगही असू शकतो ना. सॅम्पल फारच लहान आहे. तीनात दोन करूया का?"

कौल उलटून विचारायचा नसतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या मुलाला कळतं. त्याच्या कानफटात द्यायचा अधिकार मला होता, गुरव म्हणूनही आणि वयानेही. पण माझा हात कोरड्या कळीने बांधलेला होता. खोट्या कौलाची बाजू घेऊन खऱ्या देवीच्या नावाने ओरडायचं, एवढं धाडस माझ्यात नव्हतं. मी सखारामकडे बघितलं. बाप म्हणून त्याने एक शब्द बोलावा, एवढीच माझी इच्छा होती.

सखाराम म्हणाला, "व्हवू दे त्याच्या मनासारखं. पोराच्या मनात किंतू नको. सांच्याला एकदा लाव, उद्या सकाळी एकदा लाव."

पाऊस तीन वाजता आला. आधी वारा, मग गडगडाट, मग दीड तास नुसता ओतत होता. मी ओटीवर उभा राहून कोंडीकडे बघत होतो आणि दिसत काहीच नव्हतं. संध्याकाळची कळी लावायला कोणी आलं नाही.

सकाळी गेलो तर सातही खाचरं आडवी. भात जमिनीवर लोळलेलं, लोंब्या पाण्यात. अशा भाताला दोन दिवसांत मोड येतात. पाळीबिळी विसरून वाडी आली होती. नितेश घडशी आला, त्याची बायको योगिनी आली, मीही धोतर खोचून उतरलो. आडवं पडलेलं भात कापायचं म्हणजे एका हाताने चिखलातून उचलायचं आणि दुसऱ्या हाताने कापायचं. पाठीचा काटा ढिला होतो. सखाराम पाचव्या खाचरात होता, गुडघ्यावर, कारण वाकून त्याला जमेना.

मग ऊन आलं. पऱ्यावरून धुकं उठलं, त्यातून तिरपी किरणं आली आणि पाण्याने भरलेली खाचरं चकाकायला लागली. मी खोटं का बोलू, उभ्या भातापेक्षाही ते सुंदर दिसत होतं. कातळावरून विनीत ओरडला.

"बाबा, काय लाइट आहे. हलू नका कोणी. म्हणजे हला. बाबा, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

सखाराम उठला. त्याला उठायला वेळ लागला. चिखलाने भरलेला विळा घेऊन तो बांधाच्या कडेला, करवंदीच्या जाळीशी जाऊन उभा राहिला. तो उठला म्हणून घडशी उठला, योगिनी उठली, मीही उठलो. सहा-सात माणसं हातात विळे घेऊन कडेला उभी, आणि खाली पाण्यात भात भिजतंय. विनीतने एका भिंगाने काढला. मग म्हणाला, "दोनच मिनिटं," आणि भिंग बदलायला बसला. ऊन आहे तोवर दुसऱ्यानेही काढून ठेवायला हवा होता ना.

फक्त हिरावहिनी हलली नाही. ती चौथ्या खाचरात कापत राहिली.

"आई, तू पण, प्लीज."

तिने मान वर केली नाही. "मला खोडून टाक तुज्या मशिनीत," ती म्हणाली. "लई कामाची हाय न्हवं ती?"

असे आम्ही अर्धा तास उभे राहिलो. दुपारी विनीत देवरूखला जाऊन मुंबईची गाडी पकडून गेला. रजा संपली होती, आणि भाड्याचं भिंग परत द्यायचं होतं.

निम्म्याहून जास्त भात गेलं. उरलेल्याला कुबट वास लागला. दिवाळीनंतर सखारामने मला जेवायला बोलावलं तेव्हा ताटात तोच भात होता. मी दोनदा मागून घेतला. तेवढंच प्रायश्चित्त मला सुचलं. जेवताना मी कोरड्या कळीचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, तो चिडेल. तो म्हणाला, "ठाव हाय. तुजा आवाज चडला तवाच कळलं," आणि वहिनीला मला आमटी वाढायला सांगितली.

जेवण झाल्यावर त्याने फोन आणला. विनीतचा फोटो प्रदर्शनात लागला होता. लोकांनी खाली खूप काही लिहिलं होतं. फोटोचं नाव होतं 'अनटच्ड कोकण'. अर्थ विचारला त्याने मला. कोणाचा हात न लागलेलं कोकण, मी सांगितलं. तो आपल्या हातांकडे बघत बसला, मग त्याने फोन ओटीच्या सारवलेल्या जमिनीवर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

फोटो चांगला होता. धुकं, पाणी, सात खाचरं, सगळं स्वच्छ. कोपऱ्यातलीसुद्धा.

"कंच्या भिंगाचा?" मी विचारलं.

"इचारलं मी. त्याला बी सांगता येत नाय. दोन्ही फोटो एकत्र झाले म्हने, आता कंचा कंच्याचा ता कळत नाय."

"घेतलान कंचं मग?"

"अजून नाय. तिसरं आलंय म्हने बाजारात."

मी फोन जवळ ओढून नीट बघितलं. चौथ्या खाचरात जिथे हिरावहिनी वाकलेली होती, तिथे गुळगुळीत पिवळं भात होतं. पाणीही नव्हतं त्या जागी. मशीन खरंच कामाची होती.

"हितं हिरा हुती," सखाराम म्हणाला आणि त्या भातावर बोट ठेवलं. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग त्याने बोट उचललं, पाचव्या खाचराच्या बांधावरून हळूहळू उजवीकडे नेलं, फोनची कड ओलांडली, आणि सारवलेल्या जमिनीवर, कडेपासून दोन बोटं अंतरावर टेकवलं.

"आनि मी हितं."